ट्रेमध्ये परत ठेवलेले कागद

सम्मेद सरांच्या क्लासमध्ये कुणाला काही छापायचं असलं की आधी पेन ड्राइव्ह शोधावा लागायचा. फिजिक्सच्या सरांचा पेन ड्राइव्ह केमिस्ट्रीच्या मॅडमकडे, मॅडमचा बायोलॉजीवाल्यांच्या गाडीच्या डिकीत, आणि सगळ्यांचे मिळून ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरला व्हायरस लावायला मोकळे. प्रश्नपत्रिका वेळेवर निघायची नाही, पोरं जिन्यात गोंगाट करायची आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर येऊन तक्रार करायचे. राजारामपुरीत क्लास चालवायचा म्हणजे शिकवणं दुय्यम, शेजारी सांभाळणं मुख्य, असं सर म्हणायचे.

सरांचा फोन आला तेव्हा माझी लेक बबी सहा महिन्यांची होती. मी सरांची अकरावी-बारावीची विद्यार्थिनी. पुढं एमसीए केलं, शिरोलीच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळले, आणि पोटुशी असताना डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं तेव्हा नोकरी सोडली. पोरीला कुठं ठेवू, असं मी विचारायच्या आधीच सर म्हणाले, "तेजस्वी, तिला घेऊनच ये. इथं लोकांची एवढी पोरं सांभाळतोय, त्यात आणि एक."

काम सोपं होतं. अडगळीत पडलेला एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची, मोठा प्रिंटर त्याला जोडायचा. मग इमारतीत कुठूनही, कुणाच्या लॅपटॉपवरून नाहीतर मोबाईलवरून छापायला पाठवलं की ते या कॉम्प्युटरकडं येणार, तो सगळ्यांची कामं रांगेत लावणार आणि एकेक करून प्रिंटरला देणार. याला प्रिंट सर्व्हर म्हणतात. सरांना समजावताना मी म्हटलं, डेअरीवर दूध घालायला रांग असते, माप घेणारा एकच माणूस असतो, तसं. सर म्हणाले, "पण त्यो माणूस खाडा करत न्हाय न्हवं?"

जागा मिळाली ती मोठ्या वर्गाच्या फळ्याशेजारची चिंचोळी खोली. पूर्वी सर तिथं बसून वर्गावर नजर ठेवायचे, म्हणून मधल्या भिंतीत कमरेपासून वर जाड काच आहे. समोर सगळ्या बाकांवरची तोंडं दिसतात, आवाज मात्र येत नाही. खोलीला एसी होता. बबीची टोपली मी टेबलावर, माझ्या हाताशी ठेवायची. पलीकडं प्रिंटर.

मी बघत राहणारी बाई आहे. आधी नव्हते. बबी दिवस भरायच्या आधी झाली आणि कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत राहिली. त्या पेटीबाहेर उभं राहून तिची छाती वरखाली होतेय का ते बघायची मला जी सवय लागली, ती गेलीच नाही. त्यामुळं बबी काय करते हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं स्वतःचंही नव्हतं. दूध पिताना ती माझं मंगळसूत्र मुठीत गुंडाळायची आणि वाटी तोंडात घालायला बघायची. फिरणाऱ्या पंख्याकडं मान डावीकडं टाकून बघायची आणि आवाज न करता हसायची. मी बोलले की वळायची. आणि उचलून घ्यावं वाटलं की दोन्ही हात पुढं करून बोटं फाकवायची, जणू ओंजळीत काहीतरी मावत नाहीये.

तिचं बारसं मात्र राहिलं होतं. पेटीतून घरी आणली तर भावकीत सुतक. मग माझ्या नवऱ्याचा, यशराजचा हंगाम सुरू झाला. तो शिरोळकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे, ऊस सुरू झाला की घरी पाहुण्यासारखा येतो. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. माझी नणंद राजनंदिनी हैदराबादला, तिला रजा मिळेना. तोवर सगळे बबीच म्हणत होते.

सासूबाईंना बारशापेक्षा पाचवीची रुखरुख जास्त होती. शालूबाई त्यांचं नाव. त्यांच्या माहेरी कर्नाटकाच्या हद्दीकडं सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्तीच म्हणते. जन्मल्यानंतर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि लेकराचं सगळं आयुष्य लिहून जाते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. ते लिहिलेलं कुणाला दिसत नाही. बबी त्या दिवशी दवाखान्यात, अंगाला नळ्या लावलेल्या. तिथं पाट कोण मांडू देणार? आत्तींनी घरी रिकाम्या पाळण्यापुढं पूजा मांडली. कागद ठेवला, पेन ठेवलं. पाळणा बघून तरी येईल, असं त्या म्हणाल्याचं यशराजनं मला फोनवर सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा पेटीकडं बघत बसले.

तर लिनक्सवर प्रिंटरच्या रांगेला एक नाव द्यावं लागतं. आमच्या धंद्यात ही जुनी खोड आहे, मशीनला कोरडं नाव कुणी देत नाही. शिरोलीला आमचे सर्व्हर गडांच्या नावांचे होते आणि एक साहेबांच्या कुत्र्याच्या नावाचा. कर्सर लुकलुकत होता, बबी टोपलीत पाय झाडत होती, आणि मी तिचं नाव टाइप केलं. मनात ठरवून ठेवलेलं. यशराजलाही सांगितलं नव्हतं, कारण आत्यानं कानात सांगायच्या आधी आईनं ते तोंडातून काढू नये म्हणतात. मी काढलं नाहीच. टाइप केलं आणि एंटर दाबलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही.

चाचणीचं पान पाठवलं. प्रिंटर घरघरला, पान स्वच्छ आलं. मी ते उचलणार तेवढ्यात आणखी एक कागद बाहेर आला. कोरा.

यात नवल काही नव्हतं. लिनक्स ज्यातून आलं त्या युनिक्सच्या जुन्या पद्धतीत काम संपलं की प्रिंटरला सांगावं लागतं, पान झालं, बाहेर टाक. हे छापणाऱ्या प्रोग्रॅमनंही सांगितलं आणि सर्व्हरनंही सांगितलं, तर दुसऱ्यांदा सांगितल्याचा एक कोरा कागद पडतो. कॉलेजात आम्ही यावर हसायचो. मी तो कागद सारखा केला आणि परत ट्रेमध्ये सरकवला. सरांचा तसा नियमच होता. दोन्ही बाजूंनी कोरा असलेला कागद परत ट्रेमध्ये गेलाच पाहिजे. पाठकोरा असला तर कच्च्या कामाला. कागद वाया गेलेला बघून सरांचा जीव तळमळायचा. "कोरं ते कोरं," ते म्हणायचे, "त्याला काय उष्टं लागलंय?"

बबी पाय झाडायची थांबली होती. ती प्रिंटरकडं बघत होती.

आठवडाभरात सगळे खूश झाले. पेन ड्राइव्ह ड्रॉवरात गेले. मोबाईलवर छपाईसाठी बोट ठेवलं की यादीत ते नाव यायचं, आणि ते नाव हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसलं. पॅसेजमधून ओरडणं ऐकू यायचं: तिला कागद घाला, तिच्यात पान अडकलंय, आज जरा तापलीय ती, थोडा वेळ तिला झोपू द्या. सगळे प्रेमानंच म्हणायचे. मी मात्र दर वेळी टोपलीकडं बघायची.

कोरे कागद येतच राहिले. प्रत्येक कामानंतर नव्हे. एखाद्या सकाळी एकही नाही, आणि एखाद्या दुपारी कुणी काही पाठवलेलं नसताना प्रिंटर आपला जागा व्हायचा आणि एक पान टाकायचा. मी दुसऱ्यांदा दिली जाणारी सूचना बंद केली. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, बदलला. सर्व्हर प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, कुणी पाठवलं, कधी, किती पानं. या कागदांची नोंद नव्हती. एकदा केबल काढून ठेवलेली असतानाही आला. हातात घेतला तर गरम होता, नुकत्या छापलेल्या पानासारखा. छापताना कागद तापतो. कोरा कागद सुद्धा तापतो, त्याच रुळांतून जातो, असं मी स्वतःला सांगितलं आणि ट्रेमध्ये ठेवला.

त्याच सुमारास बबीनं मंगळसूत्र धरायचं सोडलं.

पहिल्यांदा वाटलं, दात येत असतील. मी तिची मूठ उघडून वाटी तळहातावर ठेवायची. मूठ मिटायची नाही. दूध प्यायची, झोपायची, वजन वाढत होतं. आत्ती म्हणाल्या, पोरं एक सोडतात, दुसरं धरतात. पटण्यासारखं होतं.

दोन-तीन दिवसांनी मी काचेतून सहज वर्गाकडं बघितलं. चाचणी सुरू होती. पहिल्या बाकावर स्नेहल बसायची. हुशार, कडक इस्त्रीची, कुणाशी फार न बोलणारी मुलगी. तिनं गळ्यातली चेन मुठीत गुंडाळली होती. गुंडाळून ती मूठ तोंडाशी नेत होती. पदक ओठांत धरलं, सोडलं, परत धरलं. नजर पेपरवर.

पुष्कळ मुली करतात. मी पण करायची.

मग पंखा. आमच्या घरी तिच्या गादीच्या वरच पंखा आहे, बबी त्याच्याकडं बघेनाशी झाली. बघायची म्हणजे डोळे तिकडं असायचे, पण मान टाकायची नाही, हसायची नाही. मी पंखा बंद करून परत लावला. परत लावला. आत्ती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय करालीस ग? मोटार जाईल त्याची."

आणि त्या आठवड्यात सरांनी आदर्शला वर्गाबाहेर काढलं. आदर्श गगनबावड्याचा, इथं खोली घेऊन राहणारा, दाढी फुटलेला धिप्पाड पोरगा. त्याला बाहेर काढताना मी काचेतून सगळं बघत होते. पेपर अर्धा टाकून तो वर बघत होता. मान डावीकडं पडलेली, तोंड किंचित उघडं, आणि तो हसत होता. आवाज नसलेलं ते हसू मला पाठ होतं. नंतर जिन्यात तो मला भेटला. घाबरलेला होता. म्हणाला, "मॅडम, मी का हसलो ते मला खरंच कळंना. पंखा लई भारी वाटाय लागला अचानक."

मी त्याला विचारलं, मागचा पेपर कुठाय? का विचारलं, मलाही सांगता आलं नसतं. त्यानं पिशवीतून काढून दिला. नेहमीसारखा छापलेला पेपर. मी तो उजेडात धरला, नाकाशी धरला. कागद. दुसरं काही नाही.

त्यानंतर बबी माझ्या आवाजाला वळायची थांबली.

हे मी शांतपणे लिहितेय. तेव्हा शांत नव्हते. मी तिच्या मागं ताटली वाजवली तर दचकायची. डॉक्टरांनी कानांची तपासणी करायला लावली, झोपवून, डोक्याला तारा लावून. रिपोर्ट उत्तम. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतंय, वेळेआधी झालेली मुलं थोडी मागं असतात, तुम्ही फार बघत बसता. यशराज फोनवर तेच म्हणाला. मी त्याला म्हटलं, मागं असणं वेगळं. ही पुढं आली होती आणि आता परत चाललीये. मग तो म्हणाला, रविवारी येतो.

रांगेचं नाव मी त्याच दिवशी बदललं. 'मोठा प्रिंटर' असं सरळ नाव दिलं. जुनं पुसून टाकलं, सर्व्हरवर शोधून बघितलं, कुठं उरलं नव्हतं. प्रत्येक शिक्षकाचा मोबाईल मागून घेतला आणि त्यातूनही काढलं. दुसऱ्या सकाळी केमिस्ट्रीच्या मॅडमनी पॅसेजमधून हाक मारली, तिला सांगा ग पन्नास प्रती काढायला. त्यांच्या मोबाईलवर ते नाव होतं. आपोआप आलं म्हणाल्या. सर्व्हरवर त्या नावाची रांग नव्हती. प्रती मात्र निघाल्या. आणि शेवटी एक कोरा कागद.

आत्ती त्या दिवशी डबा घेऊन आल्या होत्या. टोपलीशेजारी स्टुलावर बसून बबीच्या पायांना तेल चोळत होत्या. कागद बाहेर आला तसा मी सवयीनं हात लांब केला, उचलला, ट्रे ओढला.

"कुणाचा ग त्यो कागूद?"

कुणाचाच नाही, मी म्हटलं, चुकून येतोय, कोरा आहे.

आत्तींचे हात थांबले. "कोराच ठेवला हुता मी," त्या म्हणाल्या.

एसीचा आवाज येत होता. काचेपलीकडं पोरं लिहीत होती.

"परत आत घालू नगंस," त्या म्हणाल्या, आणि बबीचा पाय पदरानं पुसायला लागल्या.

मी शिकलेली आहे. मी परीक्षा घेऊन बघितली. त्या दिवसापासून जो कोरा कागद यायचा तो मी ट्रेमध्ये न घालता टेबलाच्या ड्रॉवरात ठेवला. जेवढे दिवस ठेवला तेवढे दिवस बबीचं काही गेलं नाही. परत काही आलं नाही, पण गेलंही नाही. मग एक दिवस बबीला लस द्यायची होती, म्हणून मी गेले नाही. त्या दिवशी दुपारी दुधासाठी रडणारी बबी रडली नाही. संध्याकाळीही नाही. भुकेनं ओठ हलायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मी क्लासवर विचारलं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, हो, काल दोन-तीन कोरे आले होते, ट्रेमध्ये सारले. आणि वर्गातली एक मुलगी भर चाचणीत रडायला लागली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, भूक लागली.

मग मी पेपर परत मागत फिरले. एका प्रश्नात चूक झाली, नवीन पेपर देणार, असं खोटं सांगितलं. बरीच पोरं घेऊन आली. कुणी म्हणालं रद्दीत गेला, कुणी म्हणालं शिरोळला गावी राहिला, पूर आला तरी घरात जेवढं पाणी फिरत नाही तेवढे कागद फिरतात, कुठं शोधू. जे मिळाले ते मी बबीच्या गादीखाली घातले. छापलेल्या कागदातला कुठला तिचा आणि कुठला दुकानातून आलेला, हे कसं ओळखायचं? रात्रंदिवस ती त्या पेपरांवर झोपली. अंगाला शाई लागली. बाकी काही झालं नाही.

नोकरी सोडून दे, असं यशराज म्हणाला. मी सोडली असती. पण कागद यायचे थांबणार नव्हते, आणि मी नसले की ते ट्रेमध्ये जाणार होते. मी सरांना सांगायचा प्रयत्न केला. त्या प्रिंटरचे कोरे कागद वापरू नका, त्यावर शाई धरत नाही, असं काहीबाही. ते म्हणाले, "धरत न्हाय कशी? बघ की किती झ्याक आलंय." मी प्रिंटर बंद करून ठेवला तर एका तासात कुणीतरी चालू केला. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा तोंडावर आलेली. कुणाला दोष देऊ?

ड्रॉवरातला गठ्ठा वाढत गेला. आत्ती म्हणाल्या, घरी आणूया, पाळण्यात उशाला ठेवूया, तिचं तिला मिळूदे. पण बारशाआधी पाळण्यात काही ठेवायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. पाचवीला रिकाम्या पाळण्यापुढं मांडलं तेच चुकलं की काय, असं त्यांना आता वाटत होतं, आणि पुन्हा काही उलटं व्हायला नको होतं. राजनंदिनीला फोन लावला. आत्तींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लेकीला एवढंच म्हणाल्या, "रजा मिळू दे न्हाय तर नोकरी जाऊ दे. तू यायचंस." रविवार ठरला. नाव कानात पडलं की ती आपली होईल, असं आत्ती म्हणत राहिल्या. मीही तेच धरून बसले होते. इतके दिवस ते नाव बाकी सगळ्यांनी घेतलं होतं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी घर बायकांनी भरलं. घुगऱ्या शिजत होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा. राजनंदिनी पहाटेच्या गाडीनं आली होती, बबीला मांडीवर घेऊन म्हणाली, "किती शहाणी ग, रडतच नाही." आत्ती झेंडूच्या माळा सारख्या करायला लागल्या.

क्लास आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. गठ्ठा आणायला मी निघाले तेव्हा बबीला खांद्यावर घेतलं. तिला मागं ठेवून कुठं जायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. नवं झबलं, कपाळाला काजळाची तीट. तिची मान माझ्या खांद्यावर होती, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

खोलीत गेले. ड्रॉवर ओढला.

रिकामा होता.

सम्मेद सर पॅसेजमध्ये चहा पीत होते. मला बघून हसले. आज शेवटची मोठी चाचणी, म्हणाले, पेपर निम्मे छापून झाले आणि कागद संपला. रविवार, स्टेशनरीवाला बंद. काय करावं सुचेना, आणि तुझ्या ड्रॉवरात हा गठ्ठा. "सगळे कोरे. देवासारखे सापडले बघ."

मी म्हटलं, पेपर परत घ्या. आत्ताच्या आत्ता.

सरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं, मग बबीकडं बघितलं. "तेजस्वी," ते हळू आवाजात म्हणाले, "पोरांचं वर्ष हाय ग. सुरू झालेला पेपर कसा काढून घेऊ?"

मी परत खोलीत गेले. दार लावलं.

काचेपलीकडं वर्ग भरलेला. सगळ्यांच्या माना खाली. पेनं चालत होती.

मी बबीला खांद्यावरून खाली, कुशीत घेतलं. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. कुठंच बघत नव्हती. मी तिची मूठ उघडून त्यात माझं बोट ठेवलं. मूठ तशीच उघडी राहिली.

घरी बायका थांबल्या होत्या. राजनंदिनी थांबली होती. मान आत्याचा. दोन गल्ल्यांचं अंतर. तेवढाही वेळ माझ्याकडं आहे असं मला वाटलं नाही.

मी काचेकडं पाठ केली. तिच्या कानाशी तोंड नेलं. बारशाला करतात तसं आधी हलकेच कुर्र केलं.

मग तिचं नाव सांगितलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून. इतक्या हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही.

मी वाट बघितली.

पुन्हा सांगितलं.

बबी हलली नाही. पापणीसुद्धा नाही. छाती वरखाली होत होती, तेवढंच.

माझ्या पाठीमागं काहीतरी बदललं. आवाज नव्हता, त्या काचेतून आवाज येतच नाही. तरी मला कळलं, जसं कुणी बघत असलं की कळतं.

मी वळले.

वर्गात एकही पेन चालत नव्हतं. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. एकेकानं नव्हे, एकदम केल्यासारख्या. आदर्श, ती रडलेली मुलगी, पाठीमागची ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत ती पोरं. सगळी काचेतून माझ्याकडं बघत होती, आणि कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हाक ऐकली की लेकरू वळून बघतं, तेवढंच.

पहिल्या बाकावर स्नेहलनं पेन खाली ठेवलं. दोन्ही हात माझ्याकडं पुढं केले आणि बोटं फाकवली.

मग तिच्या मागच्या बाकावरच्यांनी.